यात्रा-समारंभांसाठी आंबील, ताक व इतर मद्यविरहित पेये

मार्गशीर्ष महिना लागला की कोल्हापूर शहरास व भोवतालच्या गावांस आंबीलयात्रेचे वेध लागतात. मार्गशीर्षी पौर्णिमेस कर्नाटकातील सौंदत्ती येथे रेणुका-यल्लमादेवीच्या डोंगरावर जी यात्रा भरते, तिला या जिल्ह्यातून मोठ्या संख्येने भाविक जातात. ते परतल्यानंतर कोल्हापुरातील ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबीलयात्रा भरते. घरोघरच्या नैवेद्यात आंबील, घुगऱ्या, वडी-भाकरी, मेथीची भाजी, कांद्याची पात व गाजर हे पदार्थ असतात. ज्या यात्रेचे नावच एका पेयावरून पडले, अशी ही यात्रा आहे. आणि ते पेय शेतकऱ्याच्या घरातील धान्य व ताक यांपासून तयार होणारे आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

या यात्रेपासून पुढे गावोगावच्या यात्रा, म्हाया, लग्नसराई व चैत्रातील जोतिबाची यात्रा असा समारंभांचा हंगाम वैशाखापर्यंत चालतो. अशा प्रसंगी पाहुण्यांपुढे काय ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे व यात्रा समितीपुढे येतो. अलीकडे बाटलीतील गोड पेयांचा प्रघात वाढला आहे, आणि यात्रेच्या निमित्ताने मद्याचाही शिरकाव होतो. दोहोंत पैसा गावाबाहेर जातो. पहिल्याने साखरेपलीकडे फारसे काही पोटात जात नाही, तर दुसऱ्याने घराचे व शरीराचे जे नुकसान होते ते सांगण्याची आवश्यकता नाही. उलट आंबील, ताक, कोकम व गूळ यांपासून केलेली पेये लहानथोर सर्वांना एका पंगतीत घेता येतात.

परंतु ही पेये घरगुती आहेत एवढ्याने ती निर्धोक ठरत नाहीत. चार माणसांसाठी केलेली आंबील बिघडली तर चार माणसांचे पोट बिघडते. चारशे माणसांसाठी केलेली बिघडली तर सारा गाव आजारी पडतो. २०१२ साली इचलकरंजी शहरात दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती व तीत माणसे दगावली होती, हे या जिल्ह्यातील लोक विसरलेले नाहीत. म्हणून ही पेये कशी करावीत याबरोबरच त्यांतील कोणती पायरी का महत्त्वाची आहे, हेही या लेखात सांगितले आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यातील माहिती महिला मंडळे, बचत गट व यात्रा समित्या यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आंबणे म्हणजे काय?

पीठ पाण्यात कालवून ठेवले की काही तासांनी त्यास आंबूस वास येतो व वर बारीक बुडबुडे दिसतात. हे काम सूक्ष्म जिवांचे असते. हे जीव धान्यावर, भांड्यात, हवेत व विरजणात असतातच. त्यांचे आपल्या दृष्टीने दोन मुख्य वर्ग पडतात.

पहिला वर्ग दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा. दुधाचे दही करणारे ते हेच. पिठातील थोडी शर्करा खाऊन हे जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्यामुळे मिश्रण आंबट होते. जमिनीचा सामू शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. तसाच या मिश्रणाचाही सामू असतो. सुरुवातीस तो साडेसहाच्या आसपास असतो व आंबता आंबता साडेचारच्या खाली येतो. अशा आंबट मिश्रणात रोग उत्पन्न करणाऱ्या बहुतेक जिवाणूंना वाढता येत नाही. दूध एका दिवसात नासते, पण दही त्याहून अधिक टिकते, याचे कारण हेच.

दुसरा वर्ग यीस्ट किंवा किण्व यांचा. हे किण्व शर्करेपासून मद्यार्क व कर्बवायू तयार करतात. गूळ पाण्यात सडवून त्यापासून चोरून दारू गाळली जाते, ते याच किण्वांच्या बळावर. गूळ मुबलक असणाऱ्या भागात ही गोष्ट लोकांना अपरिचित नाही.

म्हणजे आंबील आणि दारू या एकाच प्रकारच्या क्रियेच्या दोन वाटा आहेत. कोणत्या वाटेने जावयाचे हे आपण मिश्रणाला काय खाऊ घालतो, किती वेळ ठेवतो आणि सुरुवातीस कोणते जीव घालतो यांवर ठरते. यासाठी तीन नियम पाळावेत. आंबविताना मिश्रणात गूळ किंवा साखर घालू नये. सुरुवातीस थोडे ताजे ताक घालावे, म्हणजे दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा जम आधी बसतो. मिश्रण पुरेसे आंबट झाले की ते ताबडतोब शिजवावे, दोन-दोन दिवस ठेवू नये. शिजविल्याने आंबण्याची क्रिया थांबते आणि अल्प प्रमाणात मद्यार्क तयार झाला असल्यास त्यातील बराचसा वाफेबरोबर निघून जातो.

पोटास लाभ कोणता व किती?

आंबट दुधाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधण्याचे काम एली मेच्निकॉफ यांनी केले. रशियन साम्राज्यात जन्मलेले हे शास्त्रज्ञ पॅरिस येथील पाश्चर संस्थेत काम करीत. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दह्यातील जिवाणू आतड्यातील अपायकारक जिवाणूंना आवर घालतात, असा विचार त्यांनी त्याच सुमारास मांडला. त्यांच्या सर्वच अपेक्षा पुढे खऱ्या ठरल्या नाहीत; तथापि आतड्यात असंख्य जिवाणू वास करतात आणि आपल्या आहाराचा त्यांच्यावर परिणाम होतो, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे.

आंबिलीचा लाभ तीन प्रकारचा आहे. पहिला धान्याचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम व सुमारे ११ ग्रॅम तंतुमय भाग असतो. हा तंतुमय भाग आपल्याला पचत नसला तरी त्यातील काही अंश आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य होतो, आणि शौचासही त्यामुळे साफ होते. दुसरा लाभ आंबविण्याचा. धान्यातील फायटिक आम्ल लोह व जस्त यांना धरून ठेवते व ती शरीरास मिळू देत नाही. आंबविल्याने या आम्लाचे प्रमाण घटते. तिसरा लाभ ताकातील जिवंत जिवाणूंचा. तसेच दूध पिऊन ज्यांचे पोट फुगते अशा कित्येकांना ताक सोसते, कारण दुधातील शर्करेचा काही भाग विरजणातील जिवाणूंनी आधीच खाल्लेला असतो.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. पीठ आंबवून शिजविले म्हणजे त्यातील जिवाणू उकळीने मरतात. त्यामुळे आंबिलीत जिवंत जिवाणू हवे असतील तर ताक सर्वांत शेवटी, आंबील थंड झाल्यावर घातले पाहिजे. गरम आंबिलीत ताक ओतले तर ते फाटते, आणि जिवाणूही मरतात. ताक घातल्यावर आंबील पुन्हा उकळणे हीदेखील तीच चूक होय. जुन्या गृहिणी आंबील निववूनच ताक घालतात, त्यामागे असे सयुक्तिक कारण आहे.

मात्र हे पेय औषध आहे असा प्रचार कोणी करू नये. पुढे दिलेल्या प्रमाणाने एका पेल्यात नाचणीतून सुमारे ४५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. हा आहारातील एक चांगला भाग झाला, सर्व गरज नव्हे. जुलाब, कावीळ किंवा पोटाचे जुने दुखणे असल्यास डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

धान्य, पाणी व भांडी

धान्य : आंबील ज्वारीची, नाचणीची किंवा तांदळाच्या कण्यांची करतात. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा व गगनबावडा या तालुक्यांच्या डोंगराळ भागात नाचणी पिकते. कोल्हापूर येथील शेंडा पार्कमधील विभागीय कृषी संशोधन केंद्रात नाचणीवर संशोधन चालते. ‘फुले नाचणी’ व ‘फुले कासारी’ हे वाण तेथूनच पुढे आले आहेत. धान्य खडे व माती काढून, धुऊन व कडक उन्हात वाळवून दळावे. पिकते वेळी पावसात सापडून कणसातच काळी पडलेली खरीप ज्वारी या कामी मुळीच घेऊ नये. त्या दाण्यांवर बुरशी असते. बुरशीचे विष शिजविल्यानेही पूर्णपणे जात नाही. ज्वारीची आंबील करावयाची असल्यास शाळू वापरावा.

पाणी : आंबील शिजविण्याचे पाणी आपोआप उकळले जाते, परंतु ताकात घालण्याचे पाणी कच्चेच राहते, आणि धोका तेथे आहे. आंबटपणामुळे पाण्यातील रोगजंतू मरतात असे मानणे चुकीचे आहे. काविळीचे विषाणू ताकाच्या आंबटपणास दाद देत नाहीत. म्हणून ताकाचे, सरबताचे व पेले विसळण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिटभर उकळू द्यावे व झाकून निववावे. हे काम आदल्या दिवशी उरकून ठेवणे सोयीचे होते. बाजारचा बर्फ पेयात घालू नये. मासळी टिकविण्यासाठी केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच अशी खात्री नसते. पेय गार हवे असल्यास भांडे ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्यास ठेवावे.

भांडी : तांब्याच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, हे सर्वांस ठाऊक आहे. आम्लामुळे भांड्याचा धातू पेयात उतरतो व पिणाऱ्यास मळमळ, उलट्या व पोटदुखी होते. यात्रेसाठी भाड्याने आणलेल्या मोठ्या पितळी भांड्यांची कल्हई पाहूनच ती वापरावीत. आंबविण्यासाठी स्टीलचे किंवा स्वच्छ मातीचे भांडे घ्यावे. ॲल्युमिनियमचे घेऊ नये. रासायनिक खताचे किंवा औषधाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी कोणत्याही कारणाने पेयासाठी वापरू नये.

शंभर माणसांसाठी नाचणीची आंबील

प्रत्येकी २०० मिलिलिटर, म्हणजे एक पेला, याप्रमाणे २० लिटर आंबील लागते. साहित्य असे :

१. नाचणीचे पीठ : १ किलो २५० ग्रॅम
२. पीठ आंबविण्यासाठी उकळून निवविलेले पाणी : २ लिटर ५०० मिलिलिटर
३. आंबविण्यास लावण्यासाठी ताजे ताक : २५० मिलिलिटर
४. शिजविण्यासाठी पाणी : १० लिटर
५. शेवटी घालण्यासाठी ताक : ७ लिटर
६. मीठ : १०० ग्रॅम
७. भाजून कुटलेले जिरे : ४० ग्रॅम
८. सोलून ठेचलेला लसूण : १०० ग्रॅम
९. निवडून, स्वच्छ पाण्याने धुऊन चिरलेली कोथिंबीर : आवडीप्रमाणे

कृती : (१) पीठ चाळून निवविलेल्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावे. त्यात २५० मिलिलिटर ताक मिसळावे. भांड्याचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा, म्हणजे मिश्रण फुगून उतू जाणार नाही. वर स्वच्छ फडके बांधावे.

(२) उन्हाळ्यात मिश्रण सहा ते आठ तासांत आंबते. मार्गशीर्ष-पौषात रात्री थंड असल्याने बारा ते सोळा तास लागतात. म्हणून थंडीत आदल्या दिवशी दुपारनंतरच पीठ भिजवावे व भांडे चुलीपासून थोडे दूर, उबेच्या जागी ठेवावे.

(३) आंबट परंतु सुखद वास, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आणि दह्याच्या निवळीसारखी चव ही मिश्रण तयार झाल्याची लक्षणे होत. सामू पाहण्याची कागदी पट्टी मिळाल्यास तो साडेचार किंवा त्याहून कमी असावा.

(४) दहा लिटर पाण्यास उकळी आणावी. आंबलेले मिश्रण तळापासून ढवळून, बारीक धारेने उकळत्या पाण्यात सोडावे व लाकडी डावाने सतत ढवळावे. पुन्हा उकळी आल्यावर मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे शिजवावे. पिठाचा कच्चा वास गेला व आंबिलीस तकाकी आली म्हणजे ती शिजली असे समजावे. मीठ याच वेळी घालावे.

(५) शिजलेली आंबील एकाच मोठ्या भांड्यात निवत ठेवू नये. मोठ्या भांड्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि त्या उबेत उकळीतूनही तगलेले काही जिवाणू वाढू लागतात. म्हणून ती तीन-चार पसरट पातेल्यांत विभागावी, पातेली गार पाण्याच्या परातीत ठेवावीत व अधूनमधून ढवळावे. असे केल्याने आंबील लवकर निवते.

(६) पातेल्यास बाहेरून तळहात टेकविला असता चटका न बसता जेमतेम कोमट लागले, म्हणजे ताक, जिरे, लसूण व कोथिंबीर घालून एकजीव करावे. ताक घातलेली आंबील तीन-चार तासांच्या आत संपवावी. उरलेली आंबील दुसऱ्या दिवसाच्या पंगतीस वाढू नये.

पाचशे माणसांसाठी हेच साहित्य पाचपट घ्यावे : पीठ सव्वासहा किलो व शेवटी घालण्यासाठी ताक ३५ लिटर. मात्र शिजविण्याचे काम एका भांड्यात न करता दोन-तीन भांड्यांत करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सर्व आंबिलीत एकदम ताक घालू नये. दर तासाला लागेल तेवढ्याच आंबिलीत ताक मिसळावे. यामुळे शेवटच्या पंगतीसही पहिल्या पंगतीइतकीच ताजी आंबील मिळते.

केव्हा टाकून द्यावे : मिश्रणावर गुलाबी, हिरवी किंवा काळी बुरशी आली, ते तारेसारखे चिकट झाले, कुजकट वास आला किंवा दारूसारखा उग्र दर्प आला, तर ते शिजवून वापरण्याचा मोह धरू नये, टाकून द्यावे. सव्वा किलो पिठाचे नुकसान शंभर माणसांच्या दुखण्यापुढे काहीच नाही.

ताक व मठ्ठा

आंबिलीइतकेच सोपे व सर्वांस आवडणारे पेय म्हणजे ताक. दूध तापवून कोमट झाल्यावर चांगल्या, ताज्या विरजणाने लावावे. विरजण ज्या घरचे दही घट्ट, गोडसर व निवळी कमी सुटणारे असेल त्या घरून घ्यावे. आंबट झालेल्या चार दिवसांच्या दह्याचे घेऊ नये. एक भाग दही व दोन भाग उकळून निवविलेले पाणी घेऊन रवीने घुसळावे आणि लोणी काढून घ्यावे. सात लिटर ताकासाठी साधारण सव्वादोन ते अडीच लिटर दही लागते.

मठ्ठ्यासाठी या ताकात दर लिटरला ५ ग्रॅम मीठ, २ ग्रॅम भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडे ठेचलेले आले, कोथिंबीर व चिमूटभर हिंग घालावे. म्हाईच्या तिखट व तेलकट जेवणानंतर मठ्ठा विशेष सुखकर वाटतो. रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांसाठी बिनमिठाचे ताक वेगळे काढून ठेवावे.

या जिल्ह्यात दुधाची वाण नाही. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला, तेव्हापासून गावोगावी दूध संस्थांचे जाळे उभे राहिले आहे. तरीही यात्रेच्या दोन दिवस आधी आपल्या संस्थेकडे दुधाची गरज कळविणे व दही घरोघर थोडे थोडे लावून घेणे हितावह असते. एकाच मोठ्या भांड्यात लावलेले सर्व दही बिघडले तर ऐन वेळी दुसरी सोय होत नाही.

कोकम, गूळ व ऊस यांची पेये

पुढील पेये आंबवावयाची नाहीत. ती ताजी करून ताजीच प्यावीत.

कोकम सरबत : घाटाखालून येणारी आमसुले धुऊन उकळून निवविलेल्या पाण्यात दोन तास भिजत घालावीत, कुसकरून गाळावीत व बेताचा गूळ, मीठ आणि जिरेपूड घालावी. रंग आणि चव दोन्ही फळाचीच असल्याने वरून रंग घालण्याचे कारण नाही.

सोलकढी : कोकमाच्या पाण्यात नारळाचे दूध, लसूण व मीठ घालून ती करतात. नारळाचे दूध लवकर बिघडते. म्हणून सोलकढी केल्यापासून दोन तासांच्या आत वाढावी. मोठ्या यात्रेपेक्षा घरच्या पंगतीस ती अधिक सोयीची आहे.

गुळाचे पन्हे : पाहुण्यास गूळ-पाणी देण्याची आपली रीत जुनीच आहे. शंभर माणसांसाठी दीड किलो गूळ, १८ लिटर उकळून निवविलेले पाणी, ४० लिंबांचा रस, २०० ग्रॅम आल्याचा रस, २० ग्रॅम वेलदोड्याची पूड व ४० ग्रॅम मीठ घ्यावे. गूळ थोड्या पाण्यात उकळून गाळून घ्यावा, म्हणजे कचरा राहत नाही. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही अतिशय पिवळाधमक गूळ पाहून भुलू नये. रंग खुलविण्यासाठी त्यात रसायन अधिक वापरले गेले असण्याचा संभव असतो. तपकिरी, स्वच्छ गूळ घ्यावा. मधुमेह असणाऱ्यांनी हे पन्हे घेऊ नये; गूळ झाला तरी ती साखरच आहे. त्यांच्यासाठी ताक उत्तम.

उसाचा रस : यात्रेचा काळ हा गुऱ्हाळांचाही काळ असतो. रस काढल्यापासून काही तासांतच तो आंबू लागतो व त्यात किण्वे वाढतात. म्हणून ऊस धुऊन, चरक स्वच्छ करून, पिणाऱ्यासमोर रस काढावा व लगेच द्यावा. सकाळचा रस दुपारी देऊ नये.

वाटपाची व्यवस्था

पेय उत्तम झाले तरी वाटपात ते दूषित होऊ शकते. ज्यांना जुलाब, उलट्या, ताप किंवा हातास जखम आहे त्यांना या कामावर घेऊ नये. काम करणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत. भांड्यात तांब्या किंवा पेला बुडविण्याची पद्धत बंद करावी. लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटी बसविलेल्या पिंपातून पेय द्यावे. पेले साबणाने धुऊन, स्वच्छ पाण्यातून काढून पालथे घालावेत. एकाच बादलीतील गढूळ पाण्यात शेकडो पेले विसळणे म्हणजे एकाचा रोग सर्वांस वाटणे होय. सहा महिन्यांच्या आतील बालकास यापैकी कोणतेही पेय देऊ नये. त्यास आईचे दूधच पुरेसे आहे.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

नुसते सांगण्यापेक्षा दाखविलेले अधिक पटते. महिला मंडळाच्या सभेत पुढील प्रात्यक्षिक करावे. दोन दिवस आधी तीन काचेच्या बरण्यांत पीठ व पाणी सारख्या प्रमाणात घ्यावे. पहिलीत काहीच घालू नये, दुसरीत दोन चमचे ताक घालावे, तिसरीत गूळ घालावा. तिन्हींवर सैल झाकण ठेवावे. पहिल्या व दुसऱ्या दिवशी त्यांचा वास व सामू पाहून लिहून ठेवावा. ताक घातलेले मिश्रण साधारणपणे सर्वांआधी आंबट होते. गूळ घातलेले अधिक फसफसते आणि दोन दिवसांनी त्यास निराळा, उग्र दर्प येऊ लागतो. ही मिश्रणे केवळ पाहण्यासाठी आहेत, चाखू नयेत. त्यानंतर थोडी शिजलेली आंबील दोन वाट्यांत घेऊन एकीत ती कडकडीत असताना व दुसरीत निवल्यावर ताक घालून दाखवावे. पहिली वाटी फाटलेली पाहिल्यावर ताक शेवटी का घालावे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उत्पन्नाची संधी

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्या निमित्ताने नाचणी व ज्वारी यांकडे शहरी ग्राहकांचे लक्ष वळले. डोंगराळ भागातील शेतकऱ्यांनी नाचणी दाण्याच्या रूपाने विकून थांबू नये. स्वच्छ दळलेले पीठ किंवा मोड आणून, वाळवून केलेले नाचणीचे सत्त्व पुड्यांत भरून बचत गटांना विकता येईल. यात्रेच्या ठिकाणी ताज्या आंबिलीचे व मठ्ठ्याचे दुकान मांडता येईल. मात्र विक्रीसाठी अन्नपदार्थ तयार करणाऱ्यांनी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घेणे आवश्यक आहे. गावातील धान्य, गावातील दूध आणि गावातील हात यांपासून तयार झालेल्या पेयाचा पैसा गावातच राहतो.

सारांश

१. काळे पडलेले किंवा बुरशी आलेले धान्य घेऊ नये.
२. ताक, सरबत व पेले यांसाठी उकळून निवविलेलेच पाणी वापरावे.
३. आंबविताना गूळ-साखर घालू नये. थोडे ताजे ताक घालावे व वेळेवर शिजवावे.
४. बिनकल्हईची तांब्या-पितळेची भांडी वापरू नयेत.
५. शिजलेली आंबील पसरट भांड्यांत लवकर निववावी.
६. ताक शेवटी, निवलेल्या आंबिलीत व लागेल तेवढ्याच भागात घालावे.
७. शंका येताच पेय टाकून द्यावे.

आंबील करणे आपल्या घरांना नवे नाही. चार माणसांच्या घरात जी काळजी सहज घेतली जाते, तीच चारशे माणसांच्या यात्रेत ठरवून, माणसे नेमून घ्यावी लागते. येत्या यात्रेपूर्वी प्रत्येक यात्रा समितीने पाणी, भांडी व वाटप यांची जबाबदारी तीन निरनिराळ्या व्यक्तींवर सोपवावी, आणि गावातील कार्यकर्त्यांनी त्यांना एकत्र बसवून वरील सात गोष्टी समजावून द्याव्यात.